शेजारचे अर्जुनराव

न्यूकॅसलला घर घेताना भिंतींना ओल आहे का, बॉयलर किती जुना आहे, सगळं बघितलं. शेजाऱ्याचं नाव बघायचं राहिलं. राहायला आलो त्या दिवशी कुंपणापलीकडून सत्तरीतले एक उंच, तुळतुळीत दाढी केलेले गृहस्थ म्हणाले, "ॲल्जर्नन." मला वाटलं, कसलं तरी औषध मागतायत. मी म्हटलं, "नाही हो, आमच्याकडे नाही."

तिथून दोन वर्षं छळ चालू आहे. कुरियरवाला त्यांची पार्सलं आमच्याकडे टाकतो आणि ती द्यायला मी जातो. दार उघडेपर्यंत नाव बरोबर पाठ असतं. उघडलं की तोंडातून 'अल्जेब्रा' बाहेर पडतं. 'अल्जी' म्हणून सुटका करून घेतली असती, पण त्या हाकेने त्यांना शाळेतली मारकुटी पोरं आठवतात. बायकोने सोपा मार्ग काढला. माझी आजी आजोबांचा उल्लेख करायची तसा ती 'ते' म्हणून करते.

मग कराडहून बाबा आले. बाबांची मिशी म्हणजे घरातलं स्वतंत्र खातं आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी त्यांनी कुंपणावरून हाळी दिली, "गुड मॉर्निंग, अर्जुनराव!" आणि पलीकडून आलं, "मॉर्निंग!" माझा दोन वर्षांचा रियाझ पाण्यात.

"पण नावाचा अर्थ काय हो?" चहावर बाबांनी विचारलं. अर्जुनराव खुलले. इंग्लंड जिंकणाऱ्या विल्यम द कॉन्कररच्या काळात फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून विल्यम द पर्सी नावाचा सरदार इंग्लंडात आला. नॉर्मन लोक बहुतेक सफाचट. या स्वारीची गोष्ट सांगणारं बायोचं जुनं लांबलचक भरतकाम आहे, त्यातही मिशा दिसतात त्या इंग्रजांना. पर्सीने मात्र मिशा राखल्या होत्या. जुन्या फ्रेंचमध्ये त्याला नाव पडलं 'आल्स जर्नों', म्हणजे मिशीवाला. आपल्याकडे टकले, बोबडे ही आडनावं झाली. यांनी चारशे वर्षांनी ते टोपणनाव चक्क बारशाला काढलं. १४७८ साली जन्मलेला नॉर्थम्बरलंडचा पाचवा अर्ल म्हणजे हेन्री ॲल्जर्नन पर्सी.

मी भाषांतर संपवलं. बाबांनी एकदा अर्जुनरावांच्या गुळगुळीत ओठाकडे पाहिलं आणि मला म्हणाले, "नाव सोनुबाई."

पुढचा हाती कथलाचा वाळा मी गिळला.

पर्सी घराण्याचा किल्ला आमच्यापासून तासाभरावर आहे. १३०९ पासून त्यांच्याकडेच. रविवारी बाबांना नेलं. पाटीवर Alnwick, म्हणजे ल आहे, व आहे, पण म्हणायचं 'ॲनिक'. "अक्षरं विकत घेतली आणि वापरली नाहीत," बाबा म्हणाले. त्या दिवसापासून उच्चारांच्या बाबतीत त्यांनी या देशाचं ऐकायचं सोडलं.

खरं तर या नावाचे हाल मालकापेक्षा जास्त झालेत. ॲल्जर्नन सिडनी या इंग्रज राजकारण्याचं १६८३ मध्ये राजद्रोहाच्या आरोपावरून मुंडकं उडवलं. ऑस्कर वाइल्डच्या १८९५ च्या नाटकात तर पोरगी याच नावाच्या बिचाऱ्या नायकाला तोंडावर सांगते की मला ॲल्जर्नन हे नाव आवडत नाही. श्रीमंत, रिकामटेकड्या पोरांचं नाव म्हणून त्यावर जो शिक्का बसला तो बसलाच. आज न्यूकॅसलच्या बागेत ही हाक मारली तर एकही पोर वळून बघणार नाही. १९५९ साली डॅनियल कीज या अमेरिकन लेखकाने एका कथेत प्रयोगशाळेतल्या उंदराला हे नाव दिलं. अर्जुनरावांना त्याचा राग आहे. बाबांना नाही. "उंदराला मिशा असतात," ते म्हणाले. "त्याचं बरोबर आहे."

हे मी भाषांतरित करायला नको होतं.

चार दिवस कुंपणापलीकडे सामसूम. पाचव्या दिवशी अर्जुनराव उगवले, वरच्या ओठावर पांढरी खुरटी लव घेऊन. बाबांनी चष्मा लावून, वाकून तपासणी केली, आत जाऊन खोबरेल तेलाची बाटली आणली आणि त्यांच्या हातात ठेवली.

"सांग त्यांना, रोज दोन बोटं लावा. आणि ताव मारायला अजून महिना आहे."

अर्जुनराव बाटली धरून माझ्याकडे बघत होते. मी 'ताव'ला शब्द शोधत होतो. शेवटी जे सुचलं ते सांगितलं, आणि ते लगबगीने आत जाऊन चमचा घेऊन आले.