आत्या कितव्या पानावर?

आमच्या कुलमंडळाला मेलेली माणसं फार आवडतात. 1713 साली बाळाजी विश्वनाथांना पेशवाई मिळाली आणि कोकणातली घरंच्या घरं घाट चढू लागली. त्यात आपलं कोण होतं, त्याला मुलगे किती, त्यातला कोण दत्तक गेला, हे अध्यक्षकाका झोपेतून उठवलं तरी सांगतील. स्वतःच्या चुलतभावाचा मोबाइल नंबर मात्र त्यांच्याकडे नाही. हयात माणसांचं हे किरकोळ खातं सांभाळायला मंडळाने मला 'संपर्कप्रमुख' नेमलं. मानधन नाही, रिचार्ज स्वखर्चाने.

निमित्त कुलवृत्तांताच्या नव्या आवृत्तीचं. जुन्या आवृत्तीतली वंशावळ उलगडली की जेवणाचं टेबल भरतं आणि वाचायला घेतली की डोकं फिरतं. आमच्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवायची पद्धत, त्यामुळे वरपासून खालपर्यंत विष्णु, गणेश, विष्णु, गणेश. मधला एखादा विष्णु दत्तक गेला की तुटक रेघ शेजारच्या शाखेत जाते, आणि तिथे आधीच एक विष्णु बसलेला असतो. बायकांची नावं लग्नात बदललेली, म्हणून सगळ्या रमाबाई नाहीतर सरस्वतीबाई, पुढे 'माहेर अज्ञात'. मुलींना तेवढंही नाही. 'पुत्र : विष्णु, रामचंद्र. कन्या : 2.' संपलं. ज्याचा पुढे पत्ता लागला नाही त्याच्यासमोर 'नि.', म्हणजे निर्वंश. अख्ख्या शाखेची एका अक्षरात बोळवण.

मागची माहिती मिळवणं त्या मानाने सुखाचं. त्र्यंबकेश्वराला तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं की ते आतून वही घेऊन येतात. पणजोबा कधी आले, बरोबर कोण होतं, सगळं मोडीत लिहिलेलं आणि खाली पणजोबांची सही. मोडी वाचणारा तेवढा गाठावा लागतो. कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यापासून या मंडळींना मान वर करायला फुरसत नाही, पण ते निदान फोन उचलून नाही म्हणतात. भाऊबंदांचं तसं नाही.

"नमस्कार काका, मी तुमचा चुलत पुतण्या बोलतोय."

"कोण पाहिजे?"

"कुलमंडळातर्फे बोलतोय. आपली जन्मतारीख, काकूंचं माहेरचं नाव, मुलांची नावं..."

"ओटीपी देणार नाही." फोन बंद.

एका काकूंनी तारीख सांगितली, साल सांगेनात. "साल कशाला हवंय? वाढदिवस करणार आहात का माझा?" मेलबर्नच्या दादाने उलट मलाच विचारलं, सून तिथलीच आहे, तिचं गोत्र काय लिहायचं? मी अध्यक्षकाकांना विचारलं. ते क्षणभरही थांबले नाहीत. "काश्यप. ज्याचं गोत्र ठाऊक नाही त्याचं काश्यप. शास्त्रात सोय आहे." नोंदवहीत आता ती बाई सगोत्र विवाहाच्या भयापासून सुरक्षित आहे.

मग चिपळूणला संमेलन झालं. प्रत्येकाच्या छातीवर बिल्ला, त्यावर नाव, शाखा आणि पिढी. ही पिढीची कल्पना कोषाध्यक्षांची, आणि तिने दाराशीच घोळ घातला. बँकेतून निवृत्त झालेले एक सद्गृहस्थ बिल्ल्यावरून अकराव्या पिढीतले निघाले. समोर कानात इअरफोन घातलेला, थंड पियूष पिणारा इंजिनिअरिंगचा पोरगा दहाव्या पिढीतला. म्हणजे नात्याने काका. अध्यक्षकाकांनी माइकवरून जाहीर केलं की कुळाचार म्हणजे कुळाचार. सद्गृहस्थ गुडघ्यावर हात ठेवून कष्टाने वाकले. पोरगा घाबरून मागे सरला, त्याचा पियूष त्यांच्या पाठीवर सांडला आणि त्याच्या तोंडून निघालं, "सॉरी, अंकल!" यावर माइकवरून पुन्हा दुरुस्ती झाली : अंकल तू आहेस.

एवढं करून माझ्याकडे भरलेले फॉर्म आले ते मोजकेच. ते तरी कशाला आले, कारण मागच्या बाजूला 'उल्लेखनीय कामगिरी' असा रकाना होता. एकाने तिथे सोसायटीच्या चिटणीसपदाच्या दोन मुदती तारखांसह दिल्या आणि स्वतःच्या मुलांची नावं लिहायची राहिली.

आणि मग आवई उठली. संगमेश्वर तालुक्यातल्या आमच्या मूळ गावी साडेअकरा गुंठे कातळ आहे. त्यावर पावसाळ्यात सुद्धा फारसं काही उगवत नाही. त्या कातळावरून म्हणे रस्ता जाणार, आणि मोबदला मिळणार. दुसऱ्या दिवसापासून माझा फोन खाली ठेवायची सोय राहिली नाही. ओटीपीवाले काका स्वतः बोलले. "अरे, माझी जन्मतारीख घे लिहून. आधारची झेरॉक्स पाठवू का?" काकूंनी साल सांगितलं. 'नि.' लागलेली इंदूरची शाखा चार मुलगे आणि एका प्लास्टिकच्या फोल्डरसकट जिवंत झाली. होळकरांच्या वेळी गेलेली मंडळी. मृत्यूचे दाखले ओळीने लावलेले, प्रत्येकावर टाचणीने लावलेली चिठ्ठी. असं काम आमच्या मंडळात कुणी कधी केलेलं नाही.

मी सातबारा काढून आणला. पान वाचता वाचता हसू यायला लागलं. अध्यक्षकाकांनी आयुष्य घालवून जमवली नव्हती इतकी माणसं तलाठ्याने फेरफाराचे नंबर टाकत निवांत नोंदवली होती. आणि त्यात मुली होत्या! नावानिशी. कायद्यापुढे 'कन्या : 2' चालत नाही. वारस म्हणून नाव लावावंच लागतं, आणि 2005 च्या दुरुस्तीनंतर तर वडिलोपार्जित जमिनीत मुलगी मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार. ज्या डोंबिवलीच्या आत्याचं नाव आमच्या वृत्तांतात एका आकड्यात मावलं होतं, ती सातबाऱ्यावर ठळक बसली होती.

रस्त्याचं अजून काहीच ठरलेलं नव्हतं, पण अध्यक्षकाकांना घाई. सगळ्यांची संमतीपत्रं आत्ताच घेऊन ठेवू म्हणाले. मी कागद घेऊन डोंबिवलीला गेलो. आत्याने चहा दिला, चकली दिली, चष्मा लावून कागद दोनदा वाचला. मग आत जाऊन कुलवृत्तांत घेऊन आली. नवी आवृत्ती, आठवड्यापूर्वीच छापून आलेली.

"यात मी कितव्या पानावर आहे रे?"

मी पान काढून दिलं. तिने 'कन्या : 2' वर बोट ठेवलं.

"यातली मी पहिली की दुसरी?"

मी चकली खाल्ली.

"नाव छापून आणा. माझं, ताईचं, आमच्या मुलांचं, नातवंडांचं. मग सही करते. आणि हो, बाकीच्या आत्यांनाही मी फोन केलाय."

मंडळाची तातडीची सभा झाली. शुद्धिपत्र काढायचा ठराव एकमताने मंजूर झाला, आणि मुलींची माहिती गोळा करायला अर्थात संपर्कप्रमुखाला सांगण्यात आलं. आत्यांनी मात्र फोनची वाट पाहिली नाही. फॉर्म येऊन पडलेत, जन्मसालासकट. छापखान्याच्या अंदाजाने शुद्धिपत्र मूळ ग्रंथापेक्षा जाड होणार आहे, आणि त्यांनी पैसे आगाऊ मागितलेत.