‘एएनए पॉझिटिव्ह म्हणजे आजार पक्का’: एका फॉरवर्डला लॅबच्या टेबलावरून उत्तर

रविवारी सकाळी साडेसातला मावशीचा फोन. “अगं, तुला एक पाठवलंय, वाचलंस का? तू लॅबमध्येच असतेस, खरं आहे का ते सांग. सोसायटीच्या ग्रुपवर टाकणारच होते, म्हटलं आधी तुला विचारावं.”

आधी विचारलं हेच खूप. तोवर तो मजकूर मला आणखी दोन ग्रुपांवर येऊन गेला होता. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: संधिवात, ल्युपस, शोग्रेन, स्क्लेरोडर्मा हे सगळे ‘ऑटोइम्यून’ (प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर उलटते ते) आजार प्रतिकारशक्ती कमजोर झाल्यामुळे, तेही उतारवयात होतात. सांधे दुखू लागले की एएनए आणि आरए फॅक्टर या रक्ताच्या दोन तपासण्या स्वतःहून करून घ्या. पॉझिटिव्ह आल्या तर आजार पक्का, निगेटिव्ह आल्या तर निश्चिंत राहा. डॉक्टर यावर कॅन्सरचं औषध देतात, ते बंद करा. टोमॅटो, वांगी, दही सोडा, तीन महिने गुळवेलीचा काढा घ्या, आजार मुळासकट जाईल. खाली अर्थातच दहा जणांना पाठवायची विनंती.

मी डॉक्टर नाही. १६ वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे, त्यातली बरीचशी वर्षं इम्युनॉलॉजीच्या टेबलावर गेली. एएनएच्या स्लाइड मी लावते, रिपोर्टवर सही आमच्या मॅडमची, म्हणजे पॅथॉलॉजिस्ट डॉक्टरांची असते. त्यामुळे औषधांबद्दल सांगेन ते वाचून आणि डॉक्टरांकडून ऐकून शिकलेलं. त्या ‘पॉझिटिव्ह’ शब्दाबद्दल मात्र मला हक्काने बोलता येतं, म्हणून सुरुवात तिथूनच.

“एएनए पॉझिटिव्ह म्हणजे आजार पक्का”

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाला जाऊन चिकटणारी प्रतिपिंडं, अँटीबॉडीज. ती शोधायची कशी? काचेच्या स्लाइडवर छोटी छोटी गोल घरं असतात आणि प्रत्येक घरात माणसाच्या पेशींचा पातळ थर. या पेशींना हेप-२ म्हणतात. त्या स्वरयंत्राच्या कर्करोगातून आल्या असं आधी मानलं जायचं. पुढे उघड झालं की वाढवताना भेसळ झाली होती आणि या मुळात हेला पेशीच आहेत. म्हणजे १९५१ साली बाल्टिमोरमध्ये वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स या बाईंच्या. स्लाइडचं पाकीट फोडताना मला त्यांची आठवण येते.

पेशंटचं सिरम, म्हणजे रक्तातून पेशी काढल्यावर उरणारं पाणी, पातळ करून एकेका घरात थेंब टाकायचा, अर्धा तास ठेवायचं, धुवायचं. मग चमकणारा रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, पुन्हा अर्धा तास, पुन्हा धुणं, वर कव्हरस्लिप. खोलीतला दिवा बंद करून मायक्रोस्कोपला डोळा लावला की काळ्या अंधारात केंद्रकं काजव्यासारखी हिरवी दिसतात. काहींची सपाट, सगळीकडून सारखी हिरवी. काहींवर बारीक रवा सांडल्यासारखे ठिपके. एखाद्या वेळी मोजून मांडल्यासारखे सुटे सुटे ठिपके; हा सेंट्रोमिअर पॅटर्न, तो दिसला की मी मॅडमना हाक मारते, कारण त्याचा स्क्लेरोडर्माच्या, म्हणजे त्वचा कडक होत जाणाऱ्या आजाराच्या, एका प्रकाराशी जवळचा संबंध आहे.

आता खरी गोम. सिरम किती पातळ केल्यावरही चमक दिसते, त्यावर टायटर ठरतो: १:४०, १:८०, १:१६० असा दुप्पट दुप्पट. १९९७ साली वेगवेगळ्या देशांतल्या १५ प्रयोगशाळांनी मिळून धडधाकट माणसांची रक्तं तपासली. १:४० ला जवळपास ३२ टक्के निरोगी माणसं पॉझिटिव्ह आली, १:८० ला सुमारे १३ टक्के, १:१६० ला ५ टक्के.

याचा हिशेब घरी मांडून बघा. एक लाख माणसं घ्या. त्यात ल्युपसचे, म्हणजे त्वचा, सांधे, किडनी अशा अनेक ठिकाणी हल्ला करणाऱ्या आजाराचे, पेशंट उदारपणे १०० धरा. आपल्याकडे दिल्लीजवळच्या एका जुन्या पाहणीत तर लाखात तीनच्या आसपासच सापडले होते. १:८० ला पॉझिटिव्ह येणारी निरोगी माणसं मात्र १३ हजार. सरसकट सगळ्यांची एएनए केली, तर एका खऱ्या पेशंटमागे १३० जणांची झोप उडवायची. मग ही तपासणी ‘फुल बॉडी पॅकेज’मध्ये का घालतात? विकली जाते म्हणून. हे मी माझ्या धंद्याबद्दल बोलतेय, त्यामुळे राग कुणाला यायचा असेल तर आधी मलाच येतो.

आणखी एक. डीएफएस-७० नावाचा एक पॅटर्न आहे, दाट बारीक ठिपक्यांचा. दिसायला झगझगीत, टायटरही चांगला चढा. पण तो एकटाच असेल, सोबत दुसरं कुठलं प्रतिपिंड नसेल, तर तो बहुतेक वेळा निरोगी माणसांतच सापडतो. रिपोर्टवर मात्र त्यालाही ‘पॉझिटिव्ह’च लिहिलेलं असतं, ठळक अक्षरात. ते ठळक अक्षर बघून इंटरनेटवर रात्र काढलेली मुलगी दुसऱ्या दिवशी आमच्या काउंटरवर उभी राहते, “मॅडम, मला ल्युपस झालाय का?” तिला काय होतंय असं विचारलं तर म्हणते, “काहीच नाही, पॅकेजमध्ये होतं म्हणून केलं.”

२०१९ साली युरोप आणि अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनांनी ल्युपसचे नवे निकष ठरवले. ते मुळात संशोधनासाठी आहेत, पण विचार कसा करायचा हे त्यातून कळतं. १:८० ची एएनए ही तिथे नुसती दारावरची चौकशी. आत गेल्यावर किडनी, रक्तपेशी, त्वचा, सांधे, फुप्फुसाभोवतीचं पाणी, इतर प्रतिपिंडं अशा प्रत्येकाला गुण; बेरीज १० झाली तर ल्युपस. एएनएला स्वतःचा एकही गुण नाही.

“निगेटिव्ह आल्या तर निश्चिंत”

हे वाक्य मला वरच्यापेक्षा जास्त धोकादायक वाटतं. खोट्या भीतीने माणूस निदान डॉक्टरकडे तरी जातो. खोट्या दिलाशाने घरी बसतो.

ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस, म्हणजे लोक ज्याला आमवात म्हणतात तो, असलेल्या पाचातल्या निदान एका पेशंटचा आरए फॅक्टर (हेही रक्तातलं एक प्रतिपिंड) निगेटिव्ह येतो. उलट हा फॅक्टर हिपॅटायटिस सी, क्षय, कुष्ठरोग, हृदयाच्या झडपांचा संसर्ग यांत आणि चांगल्या तब्येतीच्या आजी-आजोबांतही पॉझिटिव्ह सापडतो. अँटी-सीसीपी ही तपासणी त्याहून नेमकी आहे, पण तीही सगळ्यांना पकडत नाही. पंचविशीतल्या पोराची कंबर पहाटे लाकडासारखी होते आणि हिंडल्या-फिरल्यावर सैल पडते, त्या मणक्याच्या संधिवातात तर एएनए आणि आरए दोन्ही बहुधा निगेटिव्हच. फॉरवर्डच्या हिशेबाने तो पोरगा ठणठणीत.

“प्रतिकारशक्ती कमजोर होते म्हणून”

कुंपणानेच शेत खाल्लं, असं आपण म्हणतो ना, तसं हे आहे. कुंपण मोडकं नाही, चांगलं जोरात आहे; राखायचं सोडून पीक खात सुटलंय. त्याला खतपाणी घालून काय मिळणार? ल्युपसमध्ये किडनीचं नुकसान होतं ते बाहेरच्या जंतूमुळे नाही, आपलीच प्रतिपिंडं तिथे साचून जाळ लावतात म्हणून.

‘उतारवयात होतात’ हेही चूक. ल्युपस प्रामुख्याने १५ ते ४५ वयातल्या बायकांना होतो, या वयात दहातल्या नऊ पेशंट बायका असतात. आमवात बहुतेकदा तिशी ते पन्नाशीत सुरू होतो, आणि १६ वर्षांखालच्या मुलांचा संधिवात हा वेगळाच प्रकार आहे.

“सांधे दुखले की समजा”

घोळ आपल्या शब्दातच आहे. आजीचे झिजलेले गुडघेही संधिवात, काकांचा युरिक अॅसिडने सुजलेला अंगठाही संधिवात, चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने राहिलेलं दुखणंही संधिवात. भिगवण म्हटलं की आपल्याला रोहित पक्षी आठवतात, पण संधिवाताच्या अभ्यासात त्या गावाचं नाव दुसऱ्याच कारणाने घेतलं जातं. १९९६ साली पुण्याच्या डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे घरोघर जाऊन पाहणी केली. सांधे-स्नायू दुखणारे शंभरात १८ च्या आसपास निघाले, पण आमवात मात्र दोनशे प्रौढांत एखाद्यालाच. बाकीच्यांचं दुखणं खोटं नव्हतं, वेगळं होतं.

आणि ज्यांना खरोखर हे आजार असतात, त्यांचे सांधे दुखतीलच असंही नाही. संयोजी ऊती, कनेक्टिव्ह टिश्यू, म्हणजे शरीर बांधून धरणारा सगळा माल: कूर्चा, अस्थिबंध, त्वचेखालचा थर, रक्तवाहिन्यांच्या भिंती. तो सगळीकडे आहे, म्हणून तक्रारीही विखुरलेल्या. उन्हात गेल्यावर गालांवर आणि नाकाच्या दांडीवर उमटणारं लाल फुलपाखरू. तोंडात न दुखणारे व्रण. मुठीने गळणारे केस. गार पाण्यात हात घातला की बोटं आधी पांढरी, मग निळी, मग लाल. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटणं आणि पाण्याच्या घोटाशिवाय कोरडी चपाती न उतरणं. ही शेवटची जोडी हेन्रिक शोग्रेन या स्वीडिश नेत्रतज्ज्ञाने १९३३ साली नीट मांडली, म्हणून त्या आजाराला त्याचं नाव. पेशंट मात्र डोळ्यांसाठी एकाकडे, दातांसाठी दुसऱ्याकडे आणि केसांसाठी तिसऱ्याकडे जाते. तिघांच्या तीन फायली होतात आणि त्या एकत्र कुणीच ठेवत नाही. त्यात ताप आणि फुप्फुसात पाणी असेल तर आपल्याकडे आधी टीबीचाच संशय येतो, आणि तो अगदी चुकीचा असतो असंही नाही.

लॅबवाली म्हणून एक सांगते. ल्युपसच्या पेशंटची किडनी बिघडायला लागली हे कित्येकदा पेशंटला कळतच नाही, ना दुखत ना खुपत. ते आधी कळतं लघवीच्या साध्या तपासणीत, प्रोटीन दिसलं की. आमच्या यादीतली ही सगळ्यात स्वस्त तपासणी. फॉरवर्डमध्ये तिचं नावही नाही.

“डॉक्टर कॅन्सरचं औषध देतात”

देतात. मेथोट्रेक्सेट. यात अर्धं खरं आहे, म्हणूनच ते पटतं. आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. त्यांच्याच चमूतून फॉलिक अॅसिड तयार झालं आणि त्याला अडवणारी ही औषधंही. १९४७-४८ मध्ये अमेरिकेतले डॉक्टर सिडनी फार्बर यांनी त्यातलं एक रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिलं. पुढे अगदी कमी मात्रेत अशी औषधं सांध्यांची जळजळ शमवतात असं दिसलं, आणि १९८८ साली अमेरिकेत मेथोट्रेक्सेटला आमवातासाठी मान्यता मिळाली. कर्करोगात ते ग्रॅमच्या हिशेबातही देतात. आमवातात आठवड्याला साधारण साडेसात ते २५ मिलिग्रॅम. सोबत फॉलिक अॅसिडची गोळी, म्हणजे सुब्बारावांच्याच कपाटातला दुसरा डबा.

‘आठवड्याला’ हा शब्द कृपा करून दोनदा वाचा. एकदा माझ्या टेबलावर एका बाईंचा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, आला, पांढऱ्या पेशी हजाराच्याही खाली. मशीन चुकलं असेल म्हणून पुन्हा लावला, तोच आकडा. डॉक्टरांना फोन केला. कळलं की चिठ्ठीवर आठवड्यातून एकदा असं लिहिलं होतं, घरी ती गोळी बीपीच्या गोळीसोबत रोज दिली गेली. तोंड सोलून निघालं होतं त्यांचं. त्या वाचल्या. तेव्हापासून कुणी विचारलं तर मी सांगते, डब्यावर वार लिहा, अमुकवारची गोळी असं. दर थोड्या दिवसांनी रक्त आणि लिव्हरची तपासणी असते ती याचसाठी, आणि मूल हवं असेल तर हे औषध आधीच थांबवावं लागतं. धोके आहेतच. पण औषध न घेण्याचेही आहेत. वाकडी झालेली बोटं नंतर सरळ होत नाहीत.

स्टेरॉइड मनाने एकदम बंद करणं तर फार वाईट. बरेच दिवस बाहेरून मिळालं की शरीर स्वतःचं बनवायचं सोडतं, आणि अचानक तोडलं तर बीपी कोसळून जीवावर बेततं. गंमत अशी की ‘स्टेरॉइड नको’ म्हणणारे लोकच बिननावाच्या पुड्या आणतात, आठ दिवसांत सांधे मोकळे होतात, दोन महिन्यांत चेहरा चंद्रासारखा वाटोळा होतो. त्या पुडीत काय होतं ते चेहरा सांगतो.

काढा आणि वांगी

वांगी-टोमॅटोवर फार शब्द घालवत नाही. एखाद्याला एखादं काही सोसत नसेल तर त्याने ते खाऊ नये. बाकीच्यांनी भरली वांगी सोडल्याने प्रतिपिंडं कमी होत नाहीत.

गुळवेलीचं तसं नाही. कोविडच्या काळात तिचा काढा घरोघरी गेला आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी सहा पेशंटांची नोंद छापली: गुळवेल घेतल्यावर यकृताला इजा, आणि तिचं रूप ऑटोइम्यून यकृतदाहासारखं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला, वनस्पती नेमकी ओळखली नव्हती असं म्हटलं. पुढच्या वर्षी देशभरातल्या १३ केंद्रांतून ४३ पेशंटांची नोंद आली. ज्यांचं कुंपण आधीच शेत खातंय, त्यांनी त्याला चेतवणारं काही घेण्याआधी आपल्या डॉक्टरला विचारावं, एवढंच मी म्हणते.

हे सगळं मी मावशीला फोनवर सांगितलं, थोडं कमी शब्दांत. ती म्हणाली, “बरं बाई, नाही टाकत ग्रुपवर. आणि माझे तर दोन्ही रिपोर्ट निगेटिव्हच आलेत.”

म्हणजे करून मोकळी झाली होती. मी विचारलं, “सकाळी उठल्यावर हात आखडतात का गं?”

“आखडतात की. वयच झालं ना.”

“किती वेळ?”

“चहा होतो, पेपर होतो… कणीक मळायला घेते तेव्हा बोटं वळत नाहीत, म्हणून हल्ली पोळ्यांना बाई लावलीय. नऊ-साडेनऊला सुटतात.”

“उठतेस कधी?”

“साडेसहाला.”

“बांगड्या?”

“त्या दिवाळीतच कापून काढल्या. सांधे सुजलेत ना बोटांचे, दोन्ही हातांचे.”

मी तिला म्हटलं, रिपोर्ट उलटे कर आणि मागच्या कोऱ्या बाजूला आत्ता जे बोललीस ते जसंच्या तसं लिही, साडेसहा, साडेनऊ, कणीक, बांगड्या. मंगळवारची अपॉइंटमेंट घेतलीय. तो कागद आधी दाखवू, पुढची बाजू नंतर.