‘कट्टा’ हे नाव ठेवायचं की नाही

नाव ठरवायला पाच मिनिटं पुरतील असं वाटलं होतं. मिरजेत स्टेशनच्या अंगाला, बंद गिरणीसमोर आम्ही रोज संध्याकाळी बसतो. चाचा तंबोऱ्याचं काम करतात. भोपळा कसा निवडायचा, वाळला की नाही ते आवाजावरून कसं ओळखायचं, हे ते सांगायला लागले की आम्ही चहा विसरतो. जर्मनच्या मनात आलं, हे रेकॉर्ड करून लोकांपर्यंत पोचवू. (जर्मन म्हणजे आमचा मित्रच, चार वर्षं श्टुटगार्टला राहून आला, तेव्हापासून त्याचं खरं नाव कुणी घेत नाही.) त्यासाठी इंटरनेटवर खातं काढायचं, आणि खात्याला नाव हवं.

मी म्हटलं, “कट्टा. दुसरं काय?”

“दादा, तेवढं सोडून काहीही ठेव,” पप्या म्हणाला. तो नोएडाला नोकरीला आहे, सुट्टीवर आला होता. “तिकडं कट्टा म्हणजे गावठी पिस्तूल.”

मग त्यानं सांगितलं. त्याच्या खोलीत बिहारचा एक मुलगा राहतो. नवीन असताना पप्या रोज रात्री आमच्याशी फोनवर बोलायचा. “आज कट्टा सुटला माझा”, “कट्ट्याशिवाय करमत नाही रे”, “दिवाळीत येतो, मग कट्टाच कट्टा.” त्या पोराला मराठी येत नाही, पण तो एक शब्द त्याला बरोबर ऐकू येत होता. दोन दिवस तो गप्प. तिसऱ्या दिवशी जेवताना हळूच विचारलं, “भैया, आपके पास कट्टा है क्या?” पप्यानं फोनमधला आमचा फोटो काढून दाखवला. दगडी ओटा, त्यावर पाच माणसं. तेव्हा कुठं तो हसला.

“मग सांगितलंस ना त्याला? मिटलं की,” मी म्हटलं.

“तो एकटा होता म्हणून सांगितलं. खात्यावर येणाऱ्या प्रत्येकाला कोण सांगत बसणार?”

अण्णा पप्याच्या बाजूनं. रेल्वेत गार्ड होते, सिग्नलचा अर्थ सगळ्यांना एकच लागला पाहिजे असं त्यांचं मत. म्हणाले, “टाटांनी झिका नावाची गाडी आणली होती, आठवतंय? २०१६ला झिका विषाणूची साथ पसरली आणि गाडी बाजारात यायच्या आत नाव बदलून टियागो केलं. आपली पजेरो स्पेनमध्ये मोंटेरो म्हणून विकायचे, कारण तिकडच्या बोलीत पजेरो ही शिवी आहे. एवढ्या मोठ्या कंपन्या मागं येतात, तर आपण का हट्ट करायचा?”

“अण्णा, त्यांना गाडी विकायचीय,” चाचा म्हणाले. “आपल्याला काय विकायचंय?”

मंगलताईंचा मुद्दा वेगळाच होता. त्यांचं माहेर अथणी, घरात कन्नड. म्हणाल्या, “खात्याचं नाव रोमन अक्षरांत लिहायला लागतं ना? मग ट आणि त एकच. आमच्याकडं कट्टे म्हणजे पार. पिंपळाच्या पाराला अरळीकट्टे म्हणतात. तुमचा कट्टा त्यातलाच. पण कत्ते म्हणजे गाढव. रोमनमध्ये दोन्ही सारखेच दिसणार.”

बँकेत तीस वर्षं काढल्यामुळं रोमन नावांचा त्यांना भारी अनुभव. त्यांनी भराभर आडनावं सांगितली. दाते लिहा, इंग्रजी वाचणाऱ्याला तारीख दिसते. मोरे म्हणजे अधिक. माने म्हणजे आयाळ. साने म्हणजे डोकं ठिकाणावर असलेला. काळे ही पालेभाजी. गोरे म्हणजे सांडलेलं रक्त. दीक्षितांच्या तर नावातच शिवी निघते, आणि शिव्या गाळणाऱ्या यंत्राला दीक्षित कोण हे कळत नाही. इंग्लंडात स्कंथॉर्प नावाचं गाव आहे. १९९६ला तिथल्या लोकांना एका इंटरनेट कंपनीत खातंच काढता येईना, कारण गावाच्या स्पेलिंगमध्ये एक घाण शब्द लपलेला. गावचं नाव शेकडो वर्षांचं, आणि यंत्र सांगतंय की तुमचा पत्ता असभ्य आहे! याचा मला मनापासून राग येतो.

“मग देवनागरीत लिहू,” मी म्हटलं.

“देवनागरीत गाढव जाईल,” पप्या म्हणाला, “पिस्तूल राहील. हिंदीपण देवनागरीतच लिहितात.”

यावर मला उत्तर सुचलं नाही.

एवढ्यात जर्मनला जोर आला. तिकडच्या प्राणिसंग्रहालयात एका पिंजऱ्यावर ‘कट्टा’ अशी पाटी बघून तो थबकला होता. आत शेपटीवर काळेपांढरे पट्टे असलेले लेमूर, मादागास्करचे. जर्मन भाषेत त्या प्राण्याचं नावच कट्टा. सकाळी उन्हाकडं पोट करून, हात पसरून ओळीनं बसतात म्हणे. “आणि आपण ज्याला ॲट द रेट म्हणतो ना, त्या चिन्हाला तिकडं बोलताना चिकटून बसलेलं माकड म्हणतात. म्हणजे आपल्या खात्याच्या नावात आधी माकड, मग लेमूर.”

ॲट द रेट हा आपला शब्दही बघण्यासारखा आहे. दहा रुपये दरानं पाच नारळ, असा तो वाण्याच्या वहीतला हिशेब. जगाला त्या चिन्हात जनावरं दिसली. हॉलंडात माकडाचं शेपूट, रशियात कुत्रा, इटलीत गोगलगाय. आपण मात्र त्यातला दर सोडला नाही.

जर्मनच्या इमारतीत एक तुर्की कुटुंब होतं. त्यांच्या भाषेत ‘कात’ म्हणजे मजला आणि ‘कात्ता’ म्हणजे मजल्यावर. लिफ्टमध्ये हे रोज कानावर पडायचं. अण्णांची नात जपानी शिकते. तिनं सांगितलं होतं की जपानीत कात्ता म्हणजे जिंकलो, आणि सूर जरा बदलला की विकत घेतलं. तेलुगूत कट्ट म्हणजे तळ्याचा बांध आणि पालेभाजीची जुडीसुद्धा, हे अण्णांना आंध्रातल्या गुंतकलच्या नोकरीच्या दिवसांपासून माहीत.

“बांध आणि जुडी? काय संबंध?” पप्यानं विचारलं.

ताई म्हणाल्या, “कट्टु म्हणजे बांधणं. जुडी बांधतात, घर बांधतात, बांधही बांधतात. मराठीत तरी दुसरं काय करतो आपण?”

मी हे आयुष्यात पहिल्यांदा ऐकत होतो. ज्यावर बसलो होतो त्या दगडावरून हात फिरवला. कुणीतरी बांधला म्हणून हा कट्टा.

चाचा इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, “माझ्या दुकानात जवारी म्हणजे काय?”

आम्हाला सगळ्यांना माहीत होतं. तंबोऱ्याच्या घोडीचा, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीचा, माथा घासून घासून असा करायचा की तार नुसती वाजून थांबत नाही, गुंजत राहते. ती जवारी. ती काढण्यात चाचांची हयात गेली.

“आणि मंगळवारच्या बाजारात कर्नाटकातली बाई जवारी काकडी विकते. जवारी कोंबडी. तिची जवारी म्हणजे गावरान. माझ्याकडं एक पोरगं कामाला आलं, चिकोडीकडचं. मी म्हटलं, जवारी नीट लाव. ते बघतच राहिलं. म्हणून मी शब्द बदलला? त्याचं बोट धरलं, तारेवर ठेवलं, म्हटलं, ऐक. आज तो माझ्यापेक्षा चांगली जवारी काढतो.”

मला हेच म्हणायचं होतं, पण मला असं सांगता आलं नसतं. शब्द दुसऱ्या गावात दुसरं काही होतो म्हणून आपण आपल्या गावात तो टाकून द्यायचा, हे मला पटत नाही. पण पप्याचंही खोटं नव्हतं. तो बिहारचा पोरगा दोन रात्री घाबरून झोपला होता. एका शब्दानं कुणाची झोप उडत असेल, तर “आमच्यात तसा अर्थ नाही” एवढं म्हणून भागत नाही.

ताईंनी तोडगा काढला. “नुसता शब्द मोकळा सोडला की कुणाच्याही दारात जातो. तो कुणाचा ते सांगायचं. एकनाथांनी अभंगाच्या शेवटी नुसतं नाव नाही घातलं, एका जनार्दनी म्हटलं, गुरूचं नाव जोडून. दामल्यांनी वडिलांच्या नावावरून केशवसुत घेतलं, शिरवाडकरांनी बहिणीवरून कुसुमाग्रज. तसं आपण गावाचं नाव जोडू. मिरज कट्टा.”

सगळ्यांना पटलं. जर्मन टाईप करायला लागला.

“थांब, थांब,” पप्या कपाळाला हात लावून म्हणाला. “बिहारमध्ये मुंगेर आहे. देशी पिस्तुलांसाठी प्रसिद्ध. लोक मुंगेरी कट्टा म्हणतात. तिकडच्या माणसानं मिरज कट्टा वाचलं तर त्याला वाटेल, मिरजेतपण कारखाना निघाला.”

गिरणीवरचा दिवा लागला. चहावाला कप न्यायला आला, त्यानंही दोन नावं सुचवली, दोन्ही आधीच कुणी घेतलेली. मग अण्णाच म्हणाले, जे सुरुवातीपासून विरोधात होते, “आपण घरातून निघताना काय सांगतो? कट्टा करायला चाललो म्हणतो का? कट्ट्यावर चाललो म्हणतो. तेच ठेवा. कट्ट्यावर. पिस्तुलावर कोण बसायला जातंय?”

“आणि त्या तुर्की कात्तामध्येसुद्धा ‘वर’ आहेच,” जर्मन म्हणाला.

पप्यानं पुटपुटून बघितलं. हिंदीत कट्ट्यावर असा शब्द नाही. कन्नडमध्येही नाही, ताई म्हणाल्या. जर्मननं एकेक रोमन अक्षर दाबलं. नाव शिल्लक होतं. त्यानं फोन पुढं केला आणि आम्ही डोकी जुळवून वाचलं.

“हे काठियावाडसारखं दिसतंय,” पप्या म्हणाला.

चाचांनी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. “दिसू दे. तिकडचंच, राजकोटचं एक गिऱ्हाईक आहे माझं, दर वर्षी तंबोऱ्याला तारा घालून नेतं. भला माणूस आहे. दाब बटण.”