बँका विकून टाका म्हणणाऱ्यांनो, येस बँक विसरलात?

आज पुन्हा तेच वाक्य कानावर आलं. "सरकारी बँका विकून टाका, खासगी मालक स्वतःचा पैसा जपतो." डोकंच फिरलं. कसला स्वतःचा पैसा?

बँकेने १०० रुपये कर्ज दिलं आणि त्याचा जोखीम-भार १०० टक्के असेल (म्हणजे पूर्ण रक्कम जोखमीची धरली), तर नियमानुसार भांडवल लागतं ९ रुपये, अडचणीसाठीची जादा राखीव (बफर) धरून साडेअकरा. बाकीचे बहुतेक ठेवीदारांचे. कर्ज सुरळीत फिटलं तर नफा भागधारकांचा, शेअर वर, प्रवर्तक मालामाल. बुडालं तर भागधारकाचं नुकसान त्याच्या भांडवलापाशी थांबतं. असा सौदा हातात असताना कोण हात आखडता घेईल?

येस बँक ही खासगी बँकच बघा. मार्च २०१४ मध्ये कर्जं ५५,६३३ कोटी, मार्च २०१९ मध्ये २,४१,४९९ कोटी! या वेगाने चांगले कर्जदार मिळत नसतात. इतर बँकांनी परत पाठवलेले येतात, चढं व्याज आणि घसघशीत फी कबूल करून. फी त्याच वर्षी नफ्यात दिसते, थकबाकी दोन-तीन वर्षांनी. तोवर बोनस वाटून झालेला असतो.

थकबाकी झाकायची रीत तर बँकेत काम केलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज. म्हणून ८५व्या दिवशी त्याच गटातल्या दुसऱ्या कंपनीला नवं कर्ज मंजूर होतं आणि ते पैसे फिरून जुन्या खात्यात जमा होतात. खातं 'स्टँडर्ड' राहतं, तरतूद, म्हणजे संभाव्य नुकसानीसाठी बाजूला ठेवायची रक्कम, बहुतेक वेळा ०.४० टक्के. एनपीए दाखवलं असतं तर तारण असूनही १५ टक्क्यांपासून सुरुवात. येस बँकेने २०१५-१६ साठी ढोबळ एनपीए ७४९ कोटी दाखवले होते, रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत ४,९२६ कोटी निघाले. पुढच्या वर्षी २,०१८ कोटींच्या जागी ८,३७४ कोटी! तरी प्रवर्तक-सीईओला खुर्चीवरून उतरायला जानेवारी २०१९ उजाडला. नियम कागदावर होते. रिझर्व्ह बँकेने वेळेवर दात दाखवले नाहीत, याचा मला जास्त राग आहे.

हो, सरकारी बँकाही धुतल्या तांदळासारख्या नाहीत. मार्च २०१८ मध्ये त्यांचे ढोबळ एनपीए १४.६ टक्के होते, आणि घोटाळा झालेल्या पीएनबीत (पंजाब नॅशनल बँकेत) स्विफ्ट ही परदेशी व्यवहारांचे संदेश पाठवणारी यंत्रणा बँकेच्या मुख्य हिशेबप्रणालीला, कोअर बँकिंगला, जोडलेलीच नव्हती. मान्य. तिथे वरून फोन येतो, इथे प्रवर्तकाची हाव असते.

पण ५ मार्च २०२०ला येस बँकेतून ५० हजारांवर पैसे काढायला बंदी आली, तेव्हा तिला वाचवायला सगळ्यात मोठी रक्कम कुणी ओतली? स्टेट बँकेने, ६,०५० कोटी.

आणि येस बँकेचे ते एटी-१ रोखे, बँक अडचणीत आली की शून्य करता येणारे... ८,४१५ कोटी एका फटक्यात शून्य. ते सामान्य ग्राहकांना 'सुपर एफडी' म्हणून विकले गेले, असं सेबीच्या (शेअर बाजार नियामकाच्या) आदेशात आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये रोखे शून्य करण्याचा निर्णय रद्द केला, प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयात गेलं. निवृत्तीची पुंजी त्यात घातलेल्या माणसाने या वयात वकिलांची फी कुठून भरायची? हे लिहितानाही कसंतरी होतं.

म्हणूनच उद्योगघराण्यांना बँक द्यायची शिफारस रिझर्व्ह बँकेच्याच अंतर्गत गटाने नोव्हेंबर २०२० मध्ये केली, ती कायमची गाडली गेली पाहिजे. कर्ज मागणारा आणि देणारा एकच झाला तर नाही कोण म्हणणार? संचालकांच्या कंपन्यांना कर्ज द्यायला कायद्याने बंदी आहे, पण 'तू माझ्याला दे, मी तुझ्याला देतो' हे दोन बँकांनी ठरवलं की पकडायला वर्षं जातात.

मित्रहो, आपल्या बँकेचा वार्षिक अहवाल उघडा. टिपांमध्ये दोन गोष्टी शोधा: सर्वांत मोठ्या २० कर्जदारांकडे एकूण कर्जाचा किती टक्के हिस्सा आहे, आणि एनपीए वर्गीकरणातली तफावत, म्हणजे बँकेने दाखवलेले आणि रिझर्व्ह बँकेला सापडलेले एनपीए यांतला फरक. तफावत ठरावीक मर्यादेपलीकडे गेली तर छापणं बंधनकारक आहे. ती दिसली आणि त्याच वर्षी कर्जवाढ इतर बँकांच्या दुप्पट असेल, तर पाच लाखांच्या ठेव-विम्याच्या मर्यादेपेक्षा जास्त ठेव तिथे ठेवू नका.