‘नावामागे धावू नका, खंबीर राहा’ : त्या फॉरवर्डला उत्तर

बाळाला दुर्मिळ आजार असल्याचं कळलं, की आईबापांच्या फोनवर एक मेसेज हमखास येऊन पडतो. शब्द थोडे इकडेतिकडे, पण मजकूर असा: घराण्यात कुणाला नसेल तर आजार जनुकीय नसतो, गरोदरपणातच काहीतरी चुकलेलं असतं. जनुकांची तपासणी केली की सोक्षमोक्ष लागतो. डॉक्टर सांगतील तेवढं ऐका, स्वतः शोधत बसू नका. आणि अशा आजारांना औषध नसतंच, तेव्हा नावामागे धावण्यापेक्षा खंबीर राहा. पाठवणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. मेसेज मात्र जवळपास ओळ न् ओळ चुकलेला आहे.

घराण्यात कुणाला नाही, यावरून काहीच सिद्ध होत नाही. कित्येक आजारांत आई आणि वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकीत चूक असते, आणि दोघेही ठणठणीत असतात. अशा जोडप्याच्या प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के. शिवाय प्रत्येक माणूस आईबापांत नसलेले काही डझन नवे जनुकीय बदल घेऊनच जन्माला येतो. बहुतेक निरुपद्रवी असतात, एखादा नको त्या जागी पडतो. उंची खुंटवणाऱ्या अकाँड्रोप्लेझियात सुमारे 80 टक्के मुलांचे आईबाप सर्वसाधारण उंचीचे असतात. संसर्ग, दारू, काही औषधं यांनी गर्भाला इजा होते, हे खरं. पण असा नवा बदल आई जिना चढली म्हणून किंवा तिने पपई खाल्ली म्हणून होत नाही. वाहक आईबाप आणि नवा बदल, या दोन प्रकारांत पुढच्या बाळाचा धोका मात्र फार वेगळा असतो, म्हणून आपला प्रकार कोणता हे विचारून घ्यावं.

‘तपासणी केली की सोक्षमोक्ष’ ही ओळ मला सगळ्यात घातक वाटते. कॅरिओटाइप (गुणसूत्रांची तपासणी) नॉर्मल आला म्हणजे गुणसूत्रांची संख्या आणि ढोबळ रचना ठीक आहे, एवढंच. एका जनुकातली बारीक चूक त्यात दिसतच नाही. एक्झोम तपासणी, म्हणजे जनुकांतले प्रथिनं घडवणारे भाग अक्षर न् अक्षर वाचणं, बरंच खोल जाते, तरी तीतूनही निम्म्याहून अधिक कुटुंबांना उत्तर मिळत नाही. आणि जे मिळतं ते ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं नसतं. सापडलेल्या बदलांची प्रतवारी पाच पायऱ्यांत होते. एका टोकाला ‘रोगकारक’, दुसऱ्या टोकाला ‘निरुपद्रवी’ आणि मधोमध ‘अर्थ अनिश्चित’, म्हणजे व्हीयूएस. रिपोर्टवर त्या शेऱ्याशेजारी जनुकाचं नाव ठळक छापलेलं असतं. मग रात्री दोन वाजता फोनवर तेच नाव शोधलं जातं, समोर येतात त्या आजाराच्या सर्वांत वाईट केसेस, आणि जे निदान अजून कुणी केलेलंच नाही त्याचा शोक घरात सुरू होतो.

खरं तर इथून पुढे काम असतं. आईबापांचं रक्त तपासलं जातं; तोच बदल निरोगी आईत किंवा वडिलांत सापडला तर अनेकदा संशय मावळतो. एखाददोन वर्षांनी तीच माहिती पुन्हा चाळली जाते, बहुधा नवं रक्त न घेता, कारण मधल्या काळात जगभरातून नवे रुग्ण नोंदले गेलेले असतात. डॉक्टरांना सरळ विचारा: हे निदान आहे की संशय? कशावरून? पुन्हा कधी बघायचं?

‘स्वतः शोधू नका’ म्हणणाऱ्यांनी नॉर्वेच्या बॉर्ग्नी एगेलँड यांची गोष्ट वाचावी. त्यांची दोन्ही मुलं मतिमंद होती, आणि मुलांच्या अंगाला येणारा विचित्र वास कुणी मनावर घेत नव्हतं. त्या दारोदार विचारत राहिल्या. 1934 मध्ये आस्ब्यॉर्न फॉलिंग या डॉक्टरांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड हे रसायन टाकलं आणि ती हिरवी झाली. फिनाइलकीटोन्यूरिया हा आजार असा सापडला; त्यात प्रथिनांतला एक घटक शरीराला पचवता येत नाही आणि तो साठून मेंदूला इजा करतो. एगेलँड यांच्या मुलांना वेळेत उपयोग झाला नाही. आज मात्र टाचेतल्या रक्ताच्या थेंबावरून तो पकडता येतो आणि लगेच पथ्य सुरू केलं तर मूल नीट वाढतं. (प्रत्येक रीलवर विश्वास ठेवा, असा याचा अर्थ नाही.)

‘खंबीर राहा’बद्दल काय बोलायचं! रडून झाल्यावरही प्रश्न लिहून काढता येतात.

राहिलं औषध. बहुतेक दुर्मिळ आजारांवर खास औषध नाही, इतकं त्या मेसेजचं खरं. पण नाव कळण्याचा उपयोग औषधापुरता नसतो. एमकॅड डेफिशियन्सी घ्या, म्हणजे उपाशीपोटी चरबीपासून ऊर्जा नीट बनवता न येण्याचा जनुकीय आजार. बाळ एरवी हसतंखेळतं. ताप-उलटीत दूध तुटलं आणि पोट फार वेळ रिकामं राहिलं, की साखर कोसळते आणि जिवावर बेततं. आजार माहीत असेल तर दोन दुधांमधलं अंतर ठरवून दिलेलं असतं आणि तोंडाने काही टिकत नसेल तर उशीर न करता ग्लुकोजचं सलाइन लावतात. अशा आईबापांनी तज्ज्ञांकडून एक पानी पत्र मागून घ्यावं: आजाराचं नाव, लगेच काय द्यायचं, काय टाळायचं, फोन कुणाला करायचा. इमर्जन्सीत ड्युटीवरच्या डॉक्टरने हा आजार कधी पाहिलेला नसण्याचीच शक्यता जास्त, आणि तेव्हा ते पत्र त्याच्या हातात द्यायचं असतं.