समोरच्याच्या दारापर्यंत जाणारी शांती

नाताळच्या आसपास वसईला घरी फोन केला की एक वाद हमखास निघतो. कुठेतरी प्रार्थनासभेत घुसून लोकांना मारहाण झालेली असते, सक्तीच्या धर्मांतराचा आरोप झालेला असतो आणि टीव्हीवर धर्मांतरविरोधी कायद्याची चर्चा चालू असते. थोरले काका म्हणतात, आपण मूठभर माणसं, गप्प राहावं, प्रभूने दुसरा गाल पुढे करायला सांगितलंय. मामेभाऊ उसळतो. किती दिवस गाल पुढे करायचे? आपल्याही पोरांनी रस्त्यावर उतरून एकदा ताकद दाखवू दे. दोघंही रविवारची मिस्सा न चुकवणारे. मग फोन माझ्याकडे वळतो, "तुमच्याकडे काय करतात रे?"

आमच्याकडे, म्हणजे बेल्फास्टला, ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसांना तीस वर्षं मारलं. उत्तर आयर्लंड ब्रिटनमध्ये राहावा की आयर्लंडमध्ये जावा, हे भांडणाचं मूळ. पण माणूस कोणत्या बाजूचा हे बहुतेक वेळा तो कॅथलिक की प्रोटेस्टंट यावरून ठरायचं. साडेतीन हजारांवर माणसं गेली. फॉल्स रोड आणि शँकिल रोड या दोन वस्त्यांमधली उंच भिंत अजून उभी आहे आणि तिच्यातली काही फाटकं रात्री बंद होतात. आपल्याकडे परदेशातल्या चर्चविषयी जो एक भाबडा आदर असतो, तो या भिंतीशेजारून चालताना टिकत नाही.

या भिंतीला जवळजवळ लागूनच क्लोनर्डचा मठ आहे. तिथले फादर अ‍ॅलेक रीड यांच्याविषयी मी काकांना पुन्हा पुन्हा सांगतो. 19 मार्च 1988 रोजी एका दफनयात्रेत दोन ब्रिटिश सैनिकांची मोटार घुसली. जमावाने त्यांना ओढून काढलं, बेदम मारलं आणि आयआरए या ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या सशस्त्र संघटनेच्या माणसांनी थोड्या अंतरावर नेऊन गोळ्या घातल्या. फादर मध्ये पडले होते; त्यांनाच गोळी घालण्याची धमकी देऊन बाजूला काढलं गेलं. गोळ्यांचा आवाज आल्यावर ते धावले, एकाच्या तोंडाला तोंड लावून श्वास देण्याचा प्रयत्न केला, मग दोघांसाठी मरणसमयीची प्रार्थना केली. त्यांच्या ओठांवर त्या सैनिकाचं रक्त असलेलं छायाचित्र जगभर छापलं गेलं. त्याच वेळी त्यांच्याजवळ कागदांचं एक पाकीट होतं. आयआरएची राजकीय बाजू असलेल्या शिन फेनचे तेव्हाचे नेते गेरी अ‍ॅडम्स यांच्याकडून, हिंसेला विरोध करणाऱ्या दुसऱ्या आयरिश राष्ट्रवादी पक्षाचे नेते जॉन ह्यूम यांना द्यायचा, शांततेच्या वाटाघाटींचा मसुदा. पाकिटाला रक्त लागलं होतं. फादरांनी पाकीट बदललं आणि कागद पोहोचवला.

ज्यांच्या बाजूच्या माणसांनी नुकताच खून केला, त्यांचाच निरोप घेऊन जायचं! काकांच्या गप्प राहण्यात हे बसत नाही आणि भावाच्या ताकद दाखवण्यातही नाही. रीड फादर काही संतपुरुष नव्हते. 2005 मध्ये एका जाहीर सभेत चिडून त्यांनी युनियनवाद्यांची, म्हणजे ब्रिटनमध्येच राहू पाहणाऱ्यांची, तुलना नाझींशी केली आणि नंतर माफी मागितली. मला हे मुद्दाम सांगावंसं वाटतं, कारण आपल्याकडे शांतीचा माणूस म्हणजे ज्याला राग येतच नाही असा, अशी समजूत आहे. त्याच वर्षी आयआरएची शस्त्रं निकामी केल्याचे साक्षीदार म्हणून फादर रीड आणि मेथडिस्ट पाळक हॅरोल्ड गुड हे दोघे एकत्र उभे राहिले. एकट्या फादरांच्या शब्दावर प्रोटेस्टंट वस्तीने विश्वास ठेवला नसता.

गॉर्डन विल्सन यांची गोष्ट भावाला पटत नाही, आणि त्याचा आक्षेप मी हलका मानत नाही. 1987 च्या नोव्हेंबरमध्ये उत्तर आयर्लंडमधल्याच एनिस्किलनला आयआरएने बॉम्बस्फोट केला. ढिगाऱ्याखाली विल्सन यांचा हात धरलेली त्यांची वीस वर्षांची मुलगी मरी, शिकाऊ परिचारिका, त्या दिवशी गेली. विल्सन बीबीसीला म्हणाले, माझ्या मनात कुणाविषयी आकस नाही. 1993 मध्ये ते आयआरएच्या लोकांना स्वतः जाऊन भेटले, आता थांबा म्हणाले. ते थांबले नाहीत. त्या स्फोटासाठी आजवर कुणालाही शिक्षा झालेली नाही. भाऊ विचारतो, मग मिळालं काय? त्यावेळी मारले गेलेल्या इतरांच्या घरच्यांनाही हाच प्रश्न पडला असेल आणि तो विचारण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे. ज्याची जखम, त्यानेच क्षमा करायची. बाहेरून कुणी ती मागू नये, चर्चने तर मुळीच नाही.

आणि इथे सगळं निवळलंय असंही नाही. 10 एप्रिल 1998 ला तो संघर्ष थांबवणारा गुड फ्रायडे करार झाला, पण ऑगस्ट 2024 मध्ये बेल्फास्टमध्ये स्थलांतरितांची दुकानं जाळली. जून 2025 मध्ये बॅलिमीनाला परदेशी कुटुंबांच्या घरांवर हल्ले झाले, तेव्हा काही दारांवर "इथे फिलिपिनो राहतात" अशा चिठ्ठ्या लागल्या. आम्ही ते नव्हेत, आम्हाला सोडा, असं दारावर लिहायची पाळी माणसांवर आली. हा भाग चांगला चर्चला जाणारा आहे. त्या आठवड्यात आम्ही भारतीयांनी एकमेकांना संध्याकाळी बाहेर पडू नका म्हणून फोन केले. वसईतल्या माझ्या भावाची भीती मला तेव्हापासून जास्त कळते.

काकांना मी फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची आठवण देतो. जमीन, पाणी आणि गुंडगिरीच्या प्रश्नावर हरित वसई संरक्षण समितीतून ते उभे राहिले तेव्हा गप्प बसा म्हणणारे आपल्याच धर्मग्रामांत कमी नव्हते. उस्मानाबादच्या 2020 च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून त्यांची निवड झाली तेव्हा ते धर्मगुरू आहेत म्हणून विरोध झाला. ते ना मागे हटले, ना विरोधकांशी वैर धरलं.

भावाला मी ग्लॅडिस स्टेन्स यांच्याविषयी सांगतो. जानेवारी 1999 मध्ये ओडिशातल्या मनोहरपूरला त्यांचे पती ग्रॅहम आणि फिलिप व टिमोथी ही दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली आणि बारीपाद्यात कुष्ठरुग्णांचं काम पुढे चालवलं. खटला मात्र चालूच राहिला. मुख्य आरोपी दारासिंग याची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये कायम केली. त्यांची क्षमा खटल्याच्या आड आली नाही.

म्हणून प्रार्थनासभेत मार खाल्लेल्या माणसासोबत पोलिस ठाण्यात जा, एफआयआर लिहून घ्यायला लावा, वकील द्या. आणि जे घुसले त्यांच्या गावातल्या, त्यांच्या मंडळातल्या वडीलधाऱ्यांच्या घरीही जा, फादरांना पुढे न करता, स्वतः. पहिल्यांदा चहा मिळणार नाही. काका म्हणतात, या वयात मी कुठे जाऊ? भाऊ म्हणतो, मी कशाला जाऊ? या नाताळला दोघांनी एकत्र जावं, असं मी त्यांना सांगितलंय.