बारावीनंतर काय? तू फक्त मान हलव

बारावीच्या निकालाला घाबरू नकोस. कोकणात नापास व्हायचं तर खास मेहनत घ्यावी लागते. २०२५ साली राज्याचा निकाल ९१.८८ टक्के लागला, तेव्हा आपला कोकण विभाग ९६.७४ टक्के घेऊन नेहमीसारखा पहिला होता. तर तू पास होशील, नाक्यावर तुझ्या फोटोचा बॅनर लागेल आणि येणारा-जाणारा विचारेल, "मगे, फुडे काय करतलंस?" उत्तर देत बसू नकोस. विचारणाऱ्याकडे ते तयारच असतं. कॉलेज आपल्याला झेपेल का, मुळात हवंय का, असं काही रात्री मनात आलंच, तर पंखा वाढवून कूस बदल.

निकाल मे महिन्यात लागतो आणि मुंबईकर आंबे खायलाही मे महिन्यातच येतात, ही बोर्डाची दूरदृष्टी. त्यामुळे तुझ्या भवितव्याची सभा पडवीत आपोआप भरते. अध्यक्ष मुंबईचे काका. ते राहतात दिव्याला, पण दिवा ठाणे जिल्ह्यात येतं हे त्यांच्यासमोर काढू नकोस. काका रायवळ चोखत असतात, रस कोपरापर्यंत आलेला असतो आणि त्याच हाताने ते तुझी मार्कशीट मागतात. "इंजिनीअरिंग. कॉम्प्युटर. विषय संपला." काकांचा स्वतःचा मुलगा इंजिनीअरच आहे. तो सध्या काय करतो, हे विचारणं असभ्यपणाचं आहे. आजोबांचं मत डीएडला; सरकारी मास्तरकी म्हणजे मरेपर्यंत निश्चिंती. भरतीची वाट बघत केस पिकलेले डीएडवाले त्यांच्याच वाडीत दोघे-तिघे आहेत, पण ते आजोबांच्या मते 'नीट प्रयत्न करत नाहीत'. आई एकदाच म्हणते, "त्याला काय आवडतं ते तरी विचारा." तिला कापा फणस आणायला आत पाठवतात. मार्कशीटवर आता केशरी अंगठा उमटलेला असतो. तीच झेरॉक्स कर, चालते.

पैशांचा विषय काढू नकोस, वडिलांना अपमान वाटतो. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळतं, आणि अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नाही, एवढंच काकांनी ऐकलेलं असतं. व्याज मात्र पैसे उचलल्या दिवसापासून चढत असतं, हे वाक्य बँकेतला माणूस हळू आवाजात म्हणतो. तूही हळूच ऐक. कॉलेजने किती जणांना नोकरी लावली, किती पगाराची, मधेच सोडून किती गेले, असले प्रश्न माहितीपत्रकात नसतात. त्यात हिरवळ असते, आणि हिरवळीवर लॅपटॉप घेऊन हसणारी मुलं.

आयटीआयचं तर नावच नको. वेल्डर एका वर्षात, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांत, पुढे अप्रेंटिसशिपला विद्यावेतन. इतक्या लवकर आणि इतक्या स्वस्तात जे मिळतं त्याला शिक्षण कसं म्हणायचं? लग्नाच्या बायोडाटात ते शोभत नाही. पहिल्या पावसात घरातला इन्व्हर्टर बंद पडला की वडील इलेक्ट्रिशियनला फोन लावतील. तो म्हणेल, "गुरुवारपर्यंत जमणार नाही काका, कामं आहेत." तोपर्यंत तू मेणबत्तीच्या उजेडात नोकरीचे अर्ज भर.

समुद्र आणि बाग यांचा तर विचारही करू नकोस. खोली, वारा, जीपीएस, कुठल्या महिन्यात कुठली मासळी, हे सगळं तोंडपाठ असलेल्या, बोट चालवणाऱ्या तांडेलाला आपल्याकडे 'शिकला नाही बिचारा' म्हणतात. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून १ ऑगस्टला बोटी निघतील तेव्हा खलाशी नेपाळहून आलेले असतील. त्यांना येऊ दे. बागेची राखणही नेपाळीच करतोय आणि बाग करारावर दिलीय. बाकी उरलं काय? दापोलीला १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे, आपल्या वेंगुर्ल्याच्या केंद्रातून रत्ना आंबा निघाला, वेंगुर्ला-७ काजू निघाला. तिथे शिकायला घाटावरची पोरं एवढा घाट उतरून येतात. तू मात्र त्याच घाटाने वर जा आणि पुण्यात खोली घे, भाडं वडील पाठवतील. चिखलमातीची डिग्री घ्यायची तर मग कॉलेजला जायचंच कशाला, असं काका विचारतील, आणि त्याला उत्तर नाही.

मुलगी असशील तर फार डोकं चालवायची गरज नाही. तुझा निर्णय एसटीचं वेळापत्रक घेतं. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलींना २०२४ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी माफ आहे, तिकीटही अर्धं. पण प्रॅक्टिकल संपतं पाचला आणि वाडीत जाणारी शेवटची गाडी सुटते साडेचारला. म्हणून तू बीए. तुला केमिस्ट्री आवडायची हे डेपो मॅनेजरला कळवायची सोय नाही. (असती तरी तिथला फोन कोण उचलतो?)

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या वाटेवर मधेच उतरताही येतं. एक वर्ष झालं तर प्रमाणपत्र, दोन झाली तर पदविका, तीन वर्षांनी पदवी, चौथं केलंस तर ऑनर्स. हे घरी चुकूनही सांगू नकोस. आपल्याकडे कॉलेज सोडतो तो एकतर आजारी असतो नाहीतर प्रेमात पडलेला.

शेवटचं काम फॉर्मचं. ते शेवटच्या दिवशीच करायचं, कारण साइट त्याच दिवशी झोपते आणि मग सगळा तालुका एकाच सायबर कॅफेत भेटतो. प्रवेशफेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते पक्कं होतं, पुढच्या फेऱ्या तुझ्यासाठी बंद. त्यामुळे सायबरवाला माउसवर बोट ठेवून विचारेल, "पहिलं कुठलं टाकू?" तू वडिलांना फोन लाव. ते शेतावर गेलेले असतात, तिथे रेंज नाही. काकांना लाव. काका कोकणकन्येत असतात आणि गाडी बोगद्यात. मागची रांग ओरडायला लागली की सायबरवाला तुझ्या आधीच्या पोराची यादी उघडेल आणि म्हणेल, "हीच टाकतो, मार्क सारखेच आहेत तुमचे." तू पन्नास रुपये सुटे काढून ठेव.